सगळ्यात मागची गाडी

त्याचं खरं नाव घरच्यांनासुद्धा जरा आठवावं लागे, कारण सगळे त्याला शेपूट म्हणत. चिडवायला म्हणून नव्हे, तो कामच ते करायचा. वाळवंटाच्या काठावर दोघा भावांचा धंदा होता. रुंद टायरच्या बग्ग्या आणि चारचाकी बाइक घेऊन पाहुण्यांना वाळूच्या टेकड्यांवरून फिरवून आणायचं. पुढे थोरला भाऊ, म्हणजे दादा, मध्ये पाहुण्यांची रांग, आणि सगळ्यात मागे हा. पुढच्याने वाट दाखवायची, मागच्याने कोणी राहिलं का ते बघायचं. नियम एकच, आणि तो दादाने काळ्या दगडावरची रेघ करून ठेवलेला. मागे शेपूट नसेल, तर रांग आवारातून हलणार नाही.

आता ऐकायला हे फार जबाबदारीचं वगैरे वाटतं. करून बघा एकदा. पुढच्या सगळ्यांनी उडवलेली वाळू खायची, कोणाची गाडी उलटली तर सरळ करायची, कोणाला मळमळलं तर पाठ चोळायची, आणि चालायचं दादाच्या वेगाने, ना जास्त ना कमी. माथ्यावर पोचल्यावर बाकीच्यांना समोर मोकळं वाळवंट दिसे, ह्याला दिसे कुणातरी परक्या माणसाची पाठ. शहरात बायको-मुलीबरोबर फिरायला निघाला तरी पाय आपोआप मागे पडायचे. मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, पुढे या ना. लोकांना वाटतं तुम्ही आमच्या पाळतीवर आहात."

पण हे फिरणं तरी कितीसं? बायको शहरातल्या इस्पितळात नर्स, मुलगी तिथल्याच शाळेत, आणि हा इथे. सुट्टी मागायची सोय नव्हती. एकदा बदली माणूस ठेवून बघितला. त्याने मागे राहून कानाला फोन लावला, आणि एक म्हातारे गृहस्थ गाडीसकट टेकडीआड पडले ते पडलेच. उन्हं कलल्यावर शेपटालाच ते सापडले. जिवंत होते, पण त्यांनी ह्याचा हात जो धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. तेव्हापासून दादाने दुसऱ्या कोणाचं नाव काढू दिलं नाही.

बायकोने खूप वर्षं भांडून बघितलं. मग ती भांडायची थांबली आणि कामाला लागली. इस्पितळाच्या रुग्णवाहिका दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तिने ह्याच्यासाठी शब्द टाकला आणि जागा मिळवली. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. "मी आता पुन्हा सांगणार नाही," ती फोनवर म्हणाली. "आलास तर आलास. नाहीतर आम्ही दोघी आहोत तशा बऱ्या आहोत." भांडत होती तोवर ठीक होतं. हे शांत बोलणं मात्र त्याला खरं वाटलं.

मग त्याने डोकं लढवलं. दादाला सरळ "मी जातो" म्हणायची छाती नव्हती, म्हणून त्याने धंद्याचं बोलणं काढलं. "दादा, हल्ली सगळीकडे गाड्या नुसत्या भाड्याने देतात. गाईड नाही, रांग नाही. पाहुणा आपला आपण चालवतो आणि परत येतो."

"पाहुण्याला वाळूतलं काय कळतं?" दादा टायरमधली हवा कमी करत होता, त्याने मान वर केली नाही.

"शिकवून सोडायचं. गाडीत उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवतात, गाडी कुठे आहे ते ऑफिसात पडद्यावर दिसतं. हद्द आखून द्यायची. हद्दीबाहेर गेली की इंजिन आपोआप मंद होतं."

"म्हणजे शेपूट नको."

"हो. शेपूट नको."

दादाने टायरला झाकण लावलं आणि बराच वेळ ते पिरगाळत बसला. बोलणं कशाचं चाललंय ते दोघांनाही पक्कं कळत होतं, पण तोंडातून काढील तर शपथ. शेवटी काउंटरवरून वहिनीच बोलल्या. "अहो, एकदा करून तर बघा. भाऊजींचा संसार तिकडे किती दिवस ताटकळत ठेवायचा?"

"ठीक आहे," दादा म्हणाला. "एक गाडी सोडू. आपलं कोणी मदतीला जायचं नाही. पाहुणे आपले आपण परत आले, तर भाड्याचा धंदा सुरू आणि हा मोकळा. मदतीला जावं लागलं, तर ती आपली नेहमीचीच सफर झाली. मग हे नवीन थेर हवेत कशाला?"

रविवार उजाडला. संध्याकाळच्या बसने निघालं तरच सोमवारी सकाळी शहरात पोचता येणार होतं. शेपटाने पिशवी भरून पलंगाखाली सरकवून ठेवली, डोळ्यांसमोर नको म्हणून.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको. वहिनींनी काउंटरवर दोन्ही पर्याय मांडले. "गाईडबरोबर गेलात तर वाट चुकायची काळजी नाही, अडकलात तर काढायला माणूस आहे. पण ते थांबले की थांबायचं, ते निघाले की निघायचं. भाड्याने नेलीत तर मन मानेल तसं फिरा. पण अडकलात तर हात तुमचेच."

"गाईडबरोबर," डॉक्टर म्हणाला.

"भाड्याने," त्याची बायको म्हणाली. "घरी सासूबाई पुढे, नणंदबाई मागे. इथे तरी मला पुढेमागे कोणी नको." डॉक्टरने हेल्मेट मुकाट्याने डोक्यात घातलं.

शेपटाने त्यांना जीव तोडून शिकवलं. माथा सरळ चढायचा, तिरका नाही. चढावर मध्येच थांबायचं नाही. चाक रुतलं की जोर करायचा नाही, वाळू उपसायची आणि चाकाखाली ह्या फळ्या घालायच्या, खरबरीत बाजू वर. गाडीच्या मागच्या काठीवरचा लाल झेंडा काढायचा नाही, टेकडीपलीकडून तेवढाच दिसतो. बाई मन लावून ऐकत होती. डॉक्टर मोबाइलवर फोटो काढत होता. आणि गेली गाडी, धुरळा उडवत, मागे कोणीही नसताना. शेपटाचा पाय जागच्या जागी गिअर शोधत होता.

ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली. एका भिंतीला किल्ल्या, दुसऱ्या भिंतीला हेल्मेटं, आणि कोपऱ्यात कूलर, जो गार हवा सोडून बाकी सगळं करायचा, मुख्यतः आवाज. टेबलावर पडदा, पडद्यावर एक हिरवा ठिपका. "मी जरा शेडमध्ये आहे," म्हणून दादा गेला. शेपूट पडद्यापुढे बसला आणि ठिपक्यावरून नजर हटवेना. इतकी वर्षं वाळू खाल्ली, पण असा जीव कधी घुसमटला नव्हता. बाहेर निदान हँडल हातात असायचं. इथे नुसतं बघायचं.

ठिपका सुरेख चालला होता. बोडक्या टेकडीच्या पलीकडे गेला आणि थांबला.

"फोटो काढत असतील," वहिनी म्हणाल्या.

"हो."

ठिपका हलेना. वहिनींनी पाणी आणून दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. तिथे फोनला रेंज नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. रुतली असेल. उलटली असेल. बाई खाली असेल आणि डॉक्टर उभा राहून ओरडत असेल. का काही झालंच नसेल, झाडाखाली बसावं तशी गाडीच्या सावलीत बसली असतील, आणि हा वेड्यासारखा धावत जाऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल. गेलं तर वर्कशॉप गेलं, बायको गेली, मुलीचं लहानपण उरलंसुरलं तेही गेलं. नाही गेलं तर? त्याला त्या म्हाताऱ्या गृहस्थांची बोटं आठवली. धड उठवेना, धड बसवेना.

वहिनींनी एकवार त्याच्याकडे बघितलं. मग खुर्ची भिंतीकडे वळवून, दाराकडे पाठ करून त्या हेल्मेटं पुसायला लागल्या.

त्याने बाइक काढली. लांबून दिसू नये म्हणून झेंडा उपसून फेकला. हेच एखाद्या पाहुण्याने केलं असतं, तर त्याने त्याला रांगेतून बाहेर काढलं असतं. टेकडीच्या अलीकडे गाडी लावली, माथ्यापर्यंत वाकून चालत गेला, आणि तिथेच खिळला. माथ्यावर दादा पालथा पडला होता, डोळ्याला दुर्बीण लावून. त्याच्याही गाडीवर झेंडा नव्हता.

"खाली हो," दादा कुजबुजला. "दिसशील."

शेपूट त्याच्या शेजारी वाळूत आडवा झाला. खाली बग्गी मागच्या चाकांवर पार बसली होती. नवरा-बायको धडधाकट होती. गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसत होती आणि मोठमोठ्याने एकमेकांवर खेकसत होती.

"फळ्या उलट्या घातल्यात," शेपूट म्हणाला आणि उठायला लागला.

दादाने त्याचं मनगट पकडलं. "जायचं नाही."

"दादा, चाक गरगर फिरेल नुसतं. अजून खोल जाईल."

"जाऊ दे खोल. तू खाली उतरलास की संपलं सगळं. कळतंय का तुला?"

त्याला कळायला वेळ लागला. दादाची पकड घट्ट होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तशी. "तू इथे मलाच अडवायला आलास?"

"मग काय, ऊन खायला आलोय?" दादाने दुर्बीण काढली. डोळे लाल झाले होते, वाळूने म्हणा नाहीतर कशाने. "तुला बसवणार नाही, हे मला माहीत नाही होय? मी आयुष्यभर मागे न बघता चाललो रे. का, तर मागे तू होतास. फार सोपं गेलं मला. तुला किती जड गेलं ते मी विचारलं नाही. आता गप पड."

शेपूट पुन्हा पालथा पडला. खाली चाक फिरलं, वाळू उडाली, डॉक्टरच्या तोंडात गेली. बाई खाली उतरली, फळी ओढून काढली, उलटीपालटी करून बघितली आणि खरबरीत बाजू वर करून पुन्हा घातली. ह्या वेळी बग्गी कण्हत कण्हत वर आली. बाईने कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे असं बघितलं, की दादालासुद्धा तोंड वाळूत खुपसून हसावं लागलं.

"मदतीला कोणी गेलं नाही," दादा म्हणाला. "पास."

डॉक्टर आणि बाई परत आली ती वाळूने माखलेली आणि खुशीत. "चिटपाखरू नव्हतं हो कुठे," बाई वहिनींना पुन्हा पुन्हा सांगत होती. "कोणी बघत नाहीये, हेच किती बरं वाटतं." वहिनींनी दीर आणि नवरा दोघांच्याही कपड्यांवरची वाळू बघितली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. शेपटाने बायकोला फोन केला. "येतोय," एवढंच म्हणाला. पलीकडे ती हसली की रडली ते कळलं नाही, पण मागे मुलगी ओरडलेली स्पष्ट ऐकू आली.

बसच्या वेळेला दादाने त्याची पिशवी स्वतः उचलून रस्त्यापर्यंत आणली. आवाराच्या फाटकापुढूनच रस्ता जायचा. दोघं उभे राहिले. तेवढ्यात एक मोटार आत वळली आणि चार पोरं उतरली, कॉलेजातली असावीत. उद्या सकाळसाठी गाड्या हव्या होत्या. वहिनी पर्याय सांगायला लागल्या तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "गाईड नको. चार गाड्या भाड्याने द्या." सगळ्यात उंच चढ कुठला, तिथे आधी कोण पोचतं, ह्याच्या पैजा सुरू झाल्या. तिघं बोलत होते. चौथा, चष्मेवाला, सगळ्यांच्या आधी हसून घेत होता आणि कोणी बघत नसताना बाइकचा ब्रेक कुठे असतो ते चाचपडत होता.

शेपटाने इतक्या रांगा बघितल्या होत्या, की हा कुठे मागे पडणार, कुठल्या चढावर घाबरून मध्येच थांबणार, आणि पुढचे तिघं ते न बघता कसे निघून जाणार, हे त्याला आत्ताच दिसत होतं. त्याने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला.

"दादा, उद्या ह्यांच्या मागे कोण जाणार?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "ठरलं ना आपलं? शिकवून सोडायचं. मी शिकवीन. तू त्यात पडू नकोस, तुझी बस येतेय."

बस आलीच. दार उघडलं. दादाने पिशवी पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला, हात खाली सोडून. ह्या वेळी त्याने मनगट धरलं नाही, ना थांबवायला, ना ढकलायला.

"येताय ना?" ड्रायव्हर म्हणाला.

शेपटाने पिशवी उतरवून घेतली. मग फोन लावला.

"बसलास का?" बायकोने विचारलं.

"उद्या सकाळी चार पोरं जायची आहेत. ती परत आली की लगेच निघतो. अगदी लगेच."

ती रागावेल, किंचाळेल, दादाचा उद्धार करेल, म्हणून तो वाट बघत राहिला. "दादाने अडवलं," म्हणायची त्याला वर्षानुवर्षांची सवय होती, तेही तोंडावर आलं होतं. पण दादा समोरच उभा होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"बरं," ती म्हणाली. कोण पोरं, एवढंसुद्धा तिने विचारलं नाही. मागे मुलगी काहीतरी विचारत होती, आणि तिला उत्तर द्यायला म्हणून तिने फोन ठेवला.