शेवटची कडी

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. विहिरीचा नव्हे, झोक्याचा तर नव्हेच. मी मुलांना शाळेत नेतो. एका शिंपीणबाईंनी माझ्या अंगाला रंगीत कापडी कड्या शिवल्या. एकेका कडीत एकेक इवला हात. शाळेत दरवर्षी नवे ताई-दादा येतात. कॉलेज संपवून अख्खं वर्ष सेवेला देतात. दिवसभर वर्गात अडलेल्या मुलांना वाचायला शिकवतात आणि सकाळी गल्लीगल्लीतून मुलं गोळा करून माझ्यासोबत आणतात. पुढे ताई, मागे दादा, हा नियम. लोक कौतुकाने वळून बघायचे. मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी दादा तापाने फणफणला. दुसऱ्या कोणाला बोलवायचं सोडून ताई म्हणाली, "मी एकटी नेते. दोर आहे ना."

शेवटच्या कडीला एक चिमुरडी असायची, शेपटी. सगळ्यांत हळू चालते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिला ते आवडायचंही. तिच्या पाठीवरचं ओझं बघून ताईला कणव आली. तिने दप्तर काढून माझ्या शेवटच्या कडीत अडकवलं. "आता नुसती कडी धर हं."

मोठ्या रस्त्यावर, मधल्या दुभाजकापाशी शेपटीचा बूट निघाला. तिने हात सोडला. मला तत्काळ कळलं. कडीतली ऊब गेली, उरलं नुसतं ओझं. पण ताईच्या हाताला ताण तसाच लागत होता. मागे सगळं ठीक आहे असं समजून ती पुढच्या मुलांना सांभाळत पलीकडे गेली. मागे सिग्नल सुटला, ट्रकांचा लोंढा आला. मला तोंड असतं तर घसा फोडून ओरडलो असतो.

फुटपाथवर उभ्या सायकलच्या पेडलमध्ये दप्तराचा पट्टा अडकला. हिसका बसला तशी ताई वळली. दप्तर होतं, हात नव्हता. ती पांढरीफटक पडली. शोधायला धावावं तर बाकीची पोरं वाऱ्यावर. शेवटी माझं टोक तिने किराणा दुकानदाराच्या हातात दिलं.

"काका, यांना हलू देऊ नका."

"जा पोरी, मी आहे."

मुलांनी आपापल्या कड्या घट्ट धरल्या. ट्रकांच्या फटींतून काही दिसेना. माझा जीव टांगणीला लागला होता.

वाहनं थांबली, ताई धावली, आणि परतली ती शेपटीला कडेवर घेऊन. बूट शेपटीच्या छातीशी होता.

"तूच सांगितलं होतंस ना, दोर सुटला की जागचं हलायचं नाही," शेपटी म्हणाली. "मी हललेच नाही. पण तू वळलीच नाहीस."

दप्तर ताईने स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि शेपटीला सर्वांत पुढे, आपल्या हाताशी धरलं. शाळा येईपर्यंत तिची मान मागेच वळत होती.

आता माझ्या कड्या विरल्या. नवा दोर आलाय, मी खुंटीला लटकून असतो. मला जपा असा हट्ट नाही, मित्रांनो. पण पुढे चालाल तेव्हा दोराच्या भरवशावर राहू नका. ताण काय, दप्तरही देतं. मान वळवून शेवटचा चेहरा बघा. तो तुमच्या वळण्याची वाट बघत असतो.