नुसत्या पाण्याचा आकडा

प्रदर्शनातल्या टेबलावर मातीच्या चोवीस पिशव्या होत्या, दोन काचेची भांडी, एक छोटा तराजू आणि क्षार मोजायचा पेनासारखा मीटर. मागे फलक उभा केला होता. त्यावर गावाचा नकाशा, चोवीस आकडे आणि दोन नावं: विद्यार्थी ऋषिराज, मार्गदर्शक नानासो सर. चोवीसच्या चोवीस पिशव्या अफसानानं भरल्या होत्या. तिचं नाव कुठंच नव्हतं.

अफसाना मुल्लाणी कुंडलची, नववीतली. गावातल्या वाचनालयात मी संध्याकाळी मुलांना वाचायला, लिहायला आणि शोधायला शिकवते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून सुरू केलं होतं, ते चालूच राहिलं. आमच्या वर्गात कुणी काही ठासून सांगितलं की बाकीच्यांनी विचारायचं, 'कशावरून?' अफसाना हा प्रश्न घरी घेऊन गेली. तिचे वडील वजीरभाई शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. उसाला पाणी जास्त झालं की रान क्षारपड होतं, मीठ वर येऊन नापीक होतं, असं ते जेवताना म्हणाले, तर तिनं त्यांनाच विचारलं. त्यांना सांगता येईना. मग उन्हाळाभर ती माझा मीटर घेऊन रानोरान फिरली. बांधाजवळची माती घ्यायची नाही, उकिरड्याजवळची नाही, वीतभर खोल खणून घ्यायची, हे तिनं वाचून काढलं आणि तसंच केलं.

शाळेनं हा प्रकल्प पलूसच्या तालुका प्रदर्शनासाठी निवडला, तेव्हा नानासो सरांनी तिला बोलावून घेतलं. काम झकास आहे, पण परीक्षकांपुढं 'हाय-न्हाई' शोभत नाही, ऋषिराज बोलेल, असं सांगितलं. ऋषिराज त्यांचा भाचा. अफसानानं फक्त पिशव्या नीट मांडून द्याव्यात.

माझ्याकडं आली तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, त्यो फलकच फोडती."

"फोडलास तर तू वाईट ठरशील. त्यांनाच बोलू दे."

"मला माझं नाव पायजे. आन् त्यास्नी लाज वाटली पायजे. चारचौघांत."

मलाही तेच हवं होतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. मी सरांची विद्यार्थिनी. मुलांची तयारी ते कशी करून घेतात, हे मला माहीत होतं. 'आदरणीय परीक्षक' पासून 'धन्यवाद' पर्यंत सगळं घोकून घ्यायचं, आरशापुढं उभं करायचं, हात कुठं उचलायचा तेही ठरवून द्यायचं. अशा मुलाला मध्येच थांबवलं की त्याला पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं. प्रदर्शनाआधीच्या आठवड्यात मी वर्गाला दुसरं काही शिकवलं नाही. फलकाचा फोटो पुढं ठेवला, प्रत्येक ओळ वाचायला लावली आणि त्या ओळीला एक प्रश्न लिहायला लावला. प्रश्न अदबीनं विचारायचा, एवढंच बजावलं.

प्रदर्शनात ऋषिराजनं सुरुवात छान केली. परीक्षक बाई कृषी महाविद्यालयातल्या होत्या, वही मिटून ऐकत होत्या. तो नकाशापर्यंत आला, तेव्हा आमच्या वर्गातल्या दीपमालानं हात वर केला. माती किती खोलीवरून घेतली, आणि तेवढीच का? ऋषिराजनं मामाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आदरणीय परीक्षक, उपस्थित गुरुजन..." तो पुन्हा नकाशापर्यंत पोचला, तर आमच्याच साईराजनं विचारलं की एका रानातून एकच नमुना घेतला की अनेक. "आदरणीय परीक्षक," ऋषिराज म्हणाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या ओठावर घाम आला होता. मला दया आली नाही.

सर माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "राजनंदिनी, तुझी पोरं आवर."

मी म्हटलं, "शंका विचारतायत, सर. तुम्हीच सांगा ना त्यांना."

बाईंनी ते ऐकलं. भाषण पुरे, म्हणाल्या; सातव्या पिशवीतली माती आत्ता मोजून दाखवा. फलकावर सातव्या रानाचा आकडा ०.४२ होता. एकच्या आत म्हणजे चांगली जमीन. ऋषिराजनं मीटर मामाकडं सरकवला, म्हणून सर स्वतःच पुढं झाले. माती तोलून भांड्यात टाकली, शेजारच्या जगमधलं पिण्याचं पाणी ओतलं, ढवळलं, मीटर बुडवला. आकडा आला २.२.

सरांनी पुन्हा बुडवला. पुन्हा तेच.

बाई फलकाकडं बघत म्हणाल्या, "मग हे ०.४२ कुठून आलं?"

इतक्या लोकांसमोर हरायची सरांना सवय नव्हती. ते पटकन म्हणाले, "त्या पोरीनं मोजताना घोळ घातला असणार, मॅडम. मी तिला आधीच..."

"कुठल्या पोरीनं?"

सरांच्या तोंडून 'त्या पोरीनं मोजलं' एवढंच यावं म्हणून आम्ही आठवडाभर खपलो होतो. ते त्यांनी आपणहून म्हटलं, आणि मला मनापासून बरं वाटलं.

अफसाना गर्दीतून पुढं आली. "मी मोजलंय, मॅडम. घोळ न्हाई त्यात." बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आकडा जवळपास जुळला तर हिचं नाव सांगलीच्या जिल्हा प्रदर्शनाला जाईल, म्हणाल्या, आणि नाही जुळला तर हा प्रकल्प इथंच संपला.

सर म्हणाले, "तिला परीक्षकांशी बोलता येत नाही, मॅडम."

"बोलायचं कुठं हाय, सर," अफसाना म्हणाली, "मोजायचं हाय."

तिनं आधी मातीला हात लावला नाही. रिकाम्या भांड्यात जगमधलं नुसतं पाणी घेतलं आणि मीटर बुडवून बाईंपुढं धरला. १.९.

"बोअरचं हाय," ती सरांकडं वळून म्हणाली. "आमच्या रानातला क्षार तुमी पाण्यातनंच आणलासा."

मग तिनं मीटर धुतला, सोबत आणलेली, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली उघडली आणि सातव्या पिशवीतली माती तोलली. पाणी घातलं, ढवळलं, माती खाली बसू दिली. सर मध्येच निघून जाऊ लागले, तर बाईंनी त्यांना थांबायला सांगितलं.

मीटरवर आकडा स्थिरावला: ०.४३.