तपासणाऱ्याची सही

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उत्तम साळवींनी दोनशे चौऱ्याऐंशी पाने दुसऱ्यांदा मोजली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि गठ्ठ्यावर सुताची दुहेरी गाठ मारली. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पट्टीने तीन चौकटी आखल्या होत्या. ‘लिहिले’ या चौकटीत त्यांची सही होती. ‘तपासले’ आणि ‘मंजूर’ या दोन्ही कोऱ्या होत्या.

तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी चौतीस वर्षे ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढली होती. तिथला नियम साधा होता. जो काढतो, त्याने तपासायचे नाही. कादंबऱ्या लिहू लागल्यावरही त्यांनी तो मोडला नाही. पहिल्या तिन्ही कादंबऱ्या त्यांची थोरली बहीण शैला हिने तपासल्या होत्या. ती लांजा तालुक्यातल्या गावी राहणारी निवृत्त शिक्षिका. तिच्या पेन्सिलीच्या खुणांशिवाय एकही पान प्रकाशकाकडे गेले नव्हते.

चौथ्या कादंबरीची चौकट मात्र कोरी राहिली. शैलाच्या साखरपुड्याच्या दिवशी, १९८१ साली, मुलीने नोकरी सोडायला नकार दिला म्हणून मुलाकडची माणसे उठून गेली होती. तो प्रसंग उत्तमरावांनी तिला न विचारता कादंबरीत घातला. हस्तलिखित खुणांशिवाय परत आले, छापील प्रतीची पोचही आली नाही. कादंबरीला पुरस्कार मिळाला. तेव्हापासून भावाबहिणीचे बोलणे चार वर्षे बंद होते.

उत्तमरावांच्या मनात त्या पुस्तकाविषयी शंका नव्हती. खरे ते बोचतेच, असे त्यांचे मत होते. तरीही पाचवी कादंबरी तपासल्याशिवाय छापायची नाही, हेही तितकेच पक्के होते. प्रकाशकाने महिनाअखेरची मुदत दिली होती.

नऊच्या सुमारास शैलाची मुलगी दिव्या मीरा रोडहून रिक्षाने नवघरला त्यांच्या घरी आली. ती त्याच दिवशी आईकडे निघाली होती. टेबलावरचा गठ्ठा आणि शेजारचे पुडके पाहून तिने भुवया उंचावल्या.

“हे काय, मामा?”

“उत्तनचे सुके बोंबील. ताईला आवडतात.”

“बोंबील आणि कादंबरी एकाच पिशवीत? वास कशाचा कशाला लागायचा?”

“लागलाच तर कागदाला. तीन पदरी प्लास्टिकमध्ये बांधलंय.”

दिव्या हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिने सरळ विचारले, की त्यापेक्षा एक फोन का करत नाही. फोनवर तपासणी होत नाही, असे उत्तमराव म्हणाले.

“आई म्हणते, मामाला माणसं झेपत नाहीत. पात्रं झेपतात.”

उत्तमराव कपाटाकडे वळून पुस्तके सारखी करू लागले. त्या कप्प्यात त्यांची आवडती अकराच पुस्तके होती. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर, जितक्या वेळा वाचले तितक्या तारखा. सर्वांत जुने पुस्तक एका समुद्रप्रवासाचे होते. गावच्या वाचनालयाने रद्दीत काढलेले. ते दोघा भावंडांनी लहानपणी एकाच वेळी वाचले होते. तिची खूण मोराचे पीस, त्यांची आगकाडी. आगकाडी नेहमी तीसचाळीस पाने मागे असे. पुढे काय झाले ते शैलाने कधीही फोडले नव्हते.

शनिवारी, २१ तारखेला, दिव्या परत आली. गठ्ठा जसाच्या तसा होता. दुहेरी गाठ त्यांचीच होती. उत्तमरावांनी ती बोटाने चाचपली आणि हात मागे घेतला.

“उघडलासुद्धा नाही,” ते म्हणाले.

“हे पण दिलंय.”

दिव्याने पिशवीतून एक पुस्तक काढले. चौथी कादंबरी. कोपरे झिजलेले, पाठीला खळीने चिकटवलेला खाकी कागद. आत वहीचे एक पान होते. अक्षर शैलाचे, पाटीवर गिरवून दिल्यासारखे.

“आधीचे ड्रॉइंग पास झाल्याशिवाय पुढचे हातात घ्यायचे नाही, असे तूच सांगायचास. आधी हे. सगळ्या दुरुस्त्या मान्य असतील तर सही करीन. मग पुढचे बघू. बोंबील चांगले होते.”

दिव्या चहा टाकायला आत गेली. उत्तमरावांनी चष्मा पुसला आणि साखरपुड्याचे प्रकरण उघडले.

‘हिरव्या शालूत’ या शब्दांखाली रेघ होती. समासात लिहिले होते : शालू नव्हता. काकूची शेवंतीच्या रंगाची साडी, मागून आणलेली. पुढच्या पानावर नायिका दारामागे ढसाढसा रडत होती. तिथे समासात : रडले नाही. ते गेल्यावर आपल्या माणसांना पाने वाढली. एकोणीस पाने.

ते वाक्य त्यांनी तीनदा वाचले. या प्रकरणाचे परीक्षणांतून कौतुक झाले होते. आता त्यांना त्यात माप न घेता काढलेले ड्रॉइंग दिसत होते. बाहेरून सुबक, आणि एकही भाग दुसऱ्यात न बसणारा. विचारले असते तर तिने सांगितले असते.

त्यांनी लाल पेन उघडले आणि ते प्रत्येक खुणेपुढे ‘मान्य’ लिहीत गेले. चहा निवला. दिव्या समोर बसून पाहत राहिली.

पान एकशे सत्तेचाळीसवर पेन थांबले. छापील ओळ होती : ‘भाऊ माळ्यावर लपून राहिला.’ समासात शैलाने लिहिले होते : लपला नव्हतास. खाली येऊ नकोस, असे मीच सांगितले होते.

उत्तमरावांना माळा आठवला. भाताच्या कणग्या, नाकात जाणारा भुसा, फटीतून दिसणारी पाहुण्यांची पागोटी आणि टोप्या. आपणच शिडी वर ओढून घेतल्याचा आवाज. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

“सगळ्या मान्य करा ना, मामा,” दिव्या हळूच म्हणाली. “आई सही करेल. एवढ्यासाठीच तर थांबलीय ती.”

“ताईने ही चुकीची केलीय.”

“तुमच्या बाजूने केलीय.”

“म्हणून तर.”

त्यांनी त्या ओळीपुढे लिहिले : अमान्य. मूळ मजकूर बरोबर. मग शेवटचे पान उलटले. तिथे पेन्सिलीने तारखा होत्या. पहिली, पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच महिन्यातली. एकाखाली एक, सात. उत्तमरावांनी त्या अंगठ्याने, न पुसता, मोजल्या. प्रकाशकाला मुदत वाढवून मागायची, एवढे दिव्याला सांगितले. मग पट्टी घेतली, तारखांखाली सरळ रेघ मारली आणि स्वच्छ अक्षरात नोंद केली.

एकूण दुरुस्त्या त्रेसष्ट. मान्य बासष्ट.