सोजरबाईची साक्ष

वरवंडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी ख्रिस्ती मंडळी जमते. गाणी संपली की साक्षीची वेळ. देवानं आपलं काय भलं केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. कुणाची अडलेली म्हैस सुटली, कुणाच्या जावयानं दारू सोडली, सगळं चालतं. पण एकदा दिलेली साक्ष कुणी परत घेतलीय, असं तिथं कधी झालं नव्हतं. कसं होणार? देवाचं नाव घेऊन बोललेलं ते!

आणि सोजरबाईची साक्ष म्हणजे तर मंडळीचं भूषण. तिच्या विनोदला लहानपणापासून फिट यायची. पास्टर शांतवनांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि फिट थांबली. सारा उन्हाळा आली नाही. बाईनं हरखून गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि उभं राहून सांगितलं, "माझ्या लेकराला प्रभूनं बरं केलं!" मग काय विचारता! यवत, दौंड, पार कवठे येमाईपर्यंत तिला न्यायला गाडी यायला लागली. ती बोलायची आणि बायका डोळ्याला पदर लावायच्या.

नाताळाच्या तोंडावर विनोद रांजणगावला कामावरच कोसळला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण लपूनछपून.

"आई, सांगून टाक की मंडळीला," तो म्हणायचा.

"गप बस. आपलाच इश्वास कमी पडतोय," ती खेकसायची.

भाकरी थापता थापता मात्र हात थांबायचा. इश्वास कमी पडतोय, का वर ऐकायलाच कुणी न्हाई? असं मनात आलं की बाई घामाघूम व्हायची. ज्या नावाच्या आधारावर तिनं रंडकेपण काढलं, ते नाव घ्यायचीच तिला धास्ती वाटायला लागली होती. तरी कुणी बोलावलं की जायची आणि तीच साक्ष द्यायची. बोलवत तरी कसं होतं बाईला!

त्या रविवारी कवठे येमाईची धुरपदा लेकीला घेऊन आली. तेजश्री दहाएक वर्षांची. ओठ फुटलेला, हनुवटीवर भाजल्याचा डाग.

"मावशी, वळखलं का? तुमची साक्ष ऐकून मीबी हिच्या गोळ्या बंद केल्या," धुरपदा कौतुकानं म्हणाली. "आता फिटा वाढल्यात. परवा चुलीवरच पडली. पर मी डगमगत न्हाई. तुमच्यावानी इश्वास धरलाय."

 सोजरबाई नुसती त्या डागाकडं बघत राहिली.

गाणी संपली. पास्टर हसून म्हणाले, "सोजरमावशी, लांबून पाहुण्या आल्यात. होऊ द्या तुमची साक्ष."

ती उठली. 

"माझ्या विनोदला फिट येती. अजून येती. तो रोज गोळ्या खातो. मी तुमच्याशी खोटं बोलले, आन् प्रभूच्या नावानं बोलले."



"मावशी, बसा खाली," पास्टर दबक्या आवाजात म्हणाले. "सैतान बोलतोय तुमच्या तोंडून."

"सैतानाला काय पडलीय, पास्टर, पोरीच्या गोळ्या चालू करायची?" ती कडाडली. मग आवाज फुटला. "प्रार्थना ऐकू जाती का न्हाई, मला ठाव न्हाई. लई दिवस झाले, ठाव न्हाई. पर धुरपदा, आजच हिला दौंडला दवाखान्यात ने. मी येते संगं."

धुरपदाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमच्या एका शब्दावर मी लेकरू भाजून घेतलं," ती म्हणाली. "तुमच्यासंगं? तुमच्या मातीलाबी यायची न्हाई मी!"

पोरीचा दंड धरून ती निघून गेली. पास्टरांनी घाईघाईनं गाणं लावलं. शेजारच्या बाया सरकून बसल्या. सोजरबाईनं डोळे मिटले.

"प्रभू, तू हायेस का, मला कळंना. असलास तर त्या पोरीकडं बघ. माझ्याकडं न्हाई बघितलंस तरी चालंल."

आमेन काही तोंडातून निघालं नाही. ती तशीच उठून हायवेला गेली. थांब्यावर धुरपदानं तिला बघून तोंड फिरवलं, पण दौंडची एसटी आली तेव्हा लेकीला घेऊन चढली ती त्याच गाडीत.

"माझ्या शेजारी बसायचं न्हाई," ती बाहेर बघत म्हणाली.

सोजरबाई मागच्या सीटवर बसली. पोरीला कधी झटका येईल म्हणून दौंड येईपर्यंत तिच्या मानेवरून नजर हलवली नाही. ओठ मात्र हलत होते. कुणी ऐकतंय की नाही, याची खात्री तिला अजूनही नव्हती.