सोड्याच्या टाकीवरचा युसुफ

"युसुफ, ठेव ते खाली. घरनं सांगावा आलाय," गेटवरचा चिमाजी टाकीजवळ येऊन म्हणाला. "तुझं अब्बा गेलं."

युसुफने हातातलं पंपाचं झाकण खाली ठेवलं नाही. कॉस्टिक सोड्याच्या कढत टाकीतून काढलेला पुर्जा अर्धवट धुऊन सोडायचा नाही, ही त्याची आठ वर्षांची शिस्त. त्याने झाकण साध्या पाण्यात दोनदा बुचकळलं, फळीवर उपडं घातलं आणि मगच विचारलं, "कवा?"

"पहाटं म्हनं."

चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या कारखान्यात रंग चढण्याआधी प्रत्येक पुर्ज्याचं तेल त्या सोड्यात युसुफच्या हाताखाली सुटायचं. साहेबाने दिलेले रबरी हातमोजे खुंटीवर लटकत होते. मोजे घातले तर सोडा पुरता निघाला की नाही हे कळायचं कसं? बोटाला निसरडं लागलं, की पुन्हा पाण्यात. युसुफभाईचं बोट म्हणजे सरकारी शिक्का, अशी रंगखात्यातले लोक थट्टा करायचे आणि गड्याला त्याचा भारी अभिमान. त्या अभिमानापायी बोटांची सालं गेली, मग चिरा पडल्या, मग त्या चिराही दुखेनाशा झाल्या. गेल्या उन्हाळ्यापासून तर हात मनगटापर्यंत बधिर झाला होता, निसरडंही कळत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक पुर्जा दुप्पट वेळा धुवायचा, झालं.

घरी माणसं जमली होती. अंगणातल्या चुलीवर बोरीची पानं घातलेलं पाणी तापत होतं. म्हाताऱ्याने महिन्यापूर्वीच बजावून ठेवलं होतं, "मला तूच धू, युसुफ. परक्याचा हात नगं." युसुफला रडू येत नव्हतं. एवढं एक काम आपल्या हातून नीट व्हावं, इतकंच त्याच्या डोक्यात होतं.

"पानी बेताचं हाय का बघ," मशिदीतले चाचा म्हणाले. जित्या माणसाला सोसेल इतकंच ऊन पाणी मय्यतीला घालायचं, असा रिवाज.

युसुफने बादलीत हात घातला. "हाय."

धाकटा भाऊ फारूक तांब्या बुडवायला वाकला आणि हात झटकत ओरडला, "भाई, चटका बसतोय की! अब्बांना पोळवतोस का?"

सगळे युसुफच्या हाताकडे बघू लागले. तो अजून बादलीतच होता आणि मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

चाचा हळू आवाजात म्हणाले, "तू बाजूला बस बाबा. फारूक धुवंल."

युसुफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो हलला नाही.

"न्हाई. पानी त्यानं बघावं. धुनार मीच."

 फारूकने बादलीत गार पाणी ओतलं, थेंब मनगटावर घेऊन पाहिले आणि तांब्या उचलला. तो ओतत गेला, युसुफ धूत गेला. आधी उजवी बाजू, मग डावी. आपला हात कुठे टेकलाय हे कळायला त्याला सारखं बघावं लागत होतं. त्याने कुठे घाई केली नाही.

कापराचं शेवटचं पाणी झालं. अंग पुसून झालं. युसुफने बापाच्या कपाळावर हात ठेवला. फारूकनेही शेजारी आपला हात टेकवला आणि त्याला हुंदका फुटला.

"किती गार पडल्यात अब्बा, भाई!"

युसुफने हात तिथेच ठेवला. जरा दाबून पाहिला.

"व्हय," तो म्हणाला. "लई गार."