या घरात कोणीतरी शिकतंय

तपासनीस साहेब आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी झोपलो होतो. हा माझ्याविरुद्धचा पहिला पुरावा.

तक्रार निनावी होती, पण मजकूर स्वच्छ: या घरात कोणीतरी शिकतंय. आई ज्या लाँड्रीत कामाला होती ती बंद पडल्यापासून आमच्याकडे सरकारी मदतीचं कार्ड आहे. त्यावर आम्हा दोघांचं धान्य, तेल, साखर येते. पण जो पूर्णवेळ शिकतो त्याला या मदतीत धरत नाहीत. त्याला भूक लागत नाही असं नव्हे, ती सरकारी भूक नव्हे इतकंच. त्याने अर्धा आठवडा कुठे नोकरी केली तर मात्र चालतं. आणखीही सवलती होत्या म्हणे, पण त्या माहीत व्हायला माणूस शिकलेला लागतो.

साहेबांनी माझ्या पलंगाखालून एक कप काढला. त्यात बुरशीची दुसरी पिढी नांदत होती. त्यांनी तो नाकाशी नेला आणि मान डोलावली. मग विचारलं, सध्या काय करतोस? मी म्हटलं, विचार चालू आहे. कसला? काय करावं याचा. त्यांनी वहीत लिहिलं, 'बहुधा तत्त्वज्ञान.'

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे त्यांना एक जाडजूड पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर सांगाडा. आई म्हणाली, रद्दीतलं आहे. साहेब म्हणाले, रद्दीवर पेन्सिलीने खुणा कोण करतं? आई म्हणाली, आधीचा मालक.

साहेब माझ्याकडे बघत होते, पण मी आईकडे. माझ्या आईने कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आठवड्याभरात मी शिकत नसल्याचा पुरावा आणा, साहेब जाताना म्हणाले, नाहीतर एका माणसाचं धान्य बंद, आणि लपवाछपवी निघाली तर कार्डच रद्द. मी शिकत नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आई त्यावरून चारचौघांत डोळ्यांना पदर लावत आली आहे. पुरावा मात्र आजवर कोणी मागितला नव्हता.

माझा संशय वेगळाच होता. काही महिन्यांपासून आई रोज सकाळी 'आजारी मावशीकडे' जात होती. आम्हाला मावशी एकच, आणि ती भरलेला सिलिंडर एका हाताने जिन्यावरून वर नेते. शिवाय भाजी चिरताना आई पुटपुटायची, "ह्युमरस, रेडियस, अल्ना." मला वाटायचं, लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणी असतील. आता वाटू लागलं, हे प्रकरण साधं नाही. एखादा माणूस असेल, नाहीतर भिशी. माणूस असला तर एक वेळ परवडेल.

पण आधी पुरावा. मी जवळच्या कॉलेजात गेलो आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, मी इथे शिकत नाही असा दाखला हवाय. तो म्हणाला, दाखले फक्त आमच्या विद्यार्थ्यांना मिळतात. मी विद्यार्थी नाही, तोच तर दाखला हवाय. मग प्रवेश घे, तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी दाखला. एवढं बोलून तो काचेतून पुढे झुकला आणि डोळे बारीक करून म्हणाला, तू तिसऱ्या वर्षाचा ना रे? फी राहिलीये तुझी.

क्षणभर मलाच माझी खात्री वाटेना. मी पाय लावून पळालो आणि कॉरिडॉरच्या वळणावर आईवर आदळलो. अंगात पांढरा कोट, आजूबाजूला माझ्याहून लहान मुलींचा घोळका, आणि काखेत प्लास्टिकच्या हाडांचा एक हात.

"मावशी कशी आहे?" मी विचारलं.

आईने काखेतल्या हाताकडे पाहिलं. "खंगलीये," ती म्हणाली.

मग जिन्यात बसून तिने सगळं सांगितलं. फिजिओथेरपी सहायकाचा कोर्स होता. पास झालेल्यांना मोठं हॉस्पिटल लगेच घेतं. वीस वर्षं लोकांच्या कॉलरी सरळ केल्या, म्हणाली, आता माना सरळ करीन. अर्धा आठवडा नोकरी धरली तर वर्ग बुडतात. कोर्स सोडला तर जन्मभर कार्डावर. तक्रार मावशीनेच केली असणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, कारण कोणीतरी तिला खरंच आजारी समजून फळं घेऊन भेटायला गेलं होतं.

मी म्हटलं, एकाच्या धान्यात भागवू, मी कमी जेवीन.

"तू?" आई म्हणाली. तेवढंच.

मग तिने खिशातून नियमांची पुस्तिका काढली. ती तिने सगळी वाचली होती, तळटिपांसकट. त्यात एक कलम होतं: घरात स्वतःचं स्वतः करू न शकणारी व्यक्ती असेल, तर तिला सांभाळणाऱ्याला शिकत असतानाही मदत मिळते. हे वाचताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आपल्या घरात असं कोण आहे?" मी विचारलं.

आई कोट झटकत उठली आणि जिना उतरू लागली. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साहेब परत आले तेव्हा आईने सरळ सांगून टाकलं, शिकते ती मी. साहेब हसले. म्हणाले, बाई, पोराला पाठीशी घालू नका. तेव्हा आईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि डोक्यापासून खाली त्यांचं एकेक हाड नावानिशी दाबायला सुरुवात केली. मानेशी पोचली तशी साहेबांच्या तोंडून अशी काही 'आई गं' निघाली, की अविश्वासाला जागाच उरली नाही.

मग तिने कलम दाखवलं. साहेबांनी मला उभं केलं, भोवती फेरी मारली, हात वर करायला लावले.

"हातपाय तर धड आहेत. याला झालंय काय?"

"काहीच झालं नाही, साहेब," आई म्हणाली. "तेच तर."

साहेब असल्या गोष्टींना भुलणारे नव्हते. त्यांनी मला हुकूम सोडला, अंडं उकडून दाखव.

मी स्वयंपाकघरात गेलो. हे दोघं दारात. शेगडीला बर्नर दोन आणि बटणं तीन होती, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास बसेना. मी विजेची किटली घेतली, अंडं आत ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

साहेबांचे डोळे लकाकले. "किटलीत! ही वसतिगृहाची विद्या आहे, बाई. घरात राहून हे कोणाला सुचत नाही. हासुद्धा शिकतो. एका घरात दोन विद्यार्थी!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. दोन विद्यार्थी म्हणजे कार्डच संपलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला, कोटासारखा.

तेवढ्यात जळका वास आला. आईने हुंगून पाहिलं, पुढे झाली आणि किटलीचं झाकण उघडून साहेबांपुढे धरलं.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "वसतिगृहातली मुलं किटलीत पाणी घालतात."

साहेब बराच वेळ किटलीत बघत राहिले. मग माझ्याकडे. मग आईकडे, आणि या खेपेला त्यांच्या नजरेत संशय नव्हता. लोक सांत्वनाला येतात तेव्हा असं बघतात. दोघांचीही नावं त्यांनी कार्डावर ठेवली. दारात मात्र मूळ स्वभावावर आले. म्हणाले, मी कधीही न सांगता येईन, आणि मुलात सुधारणा दिसली तर सवलत बंद.

ते गेल्यावर आई किटली घासायला बसली. बराच वेळ खरवडून झाल्यावर पाठमोरीच म्हणाली, "मुद्दाम केलंस ना?"

"अर्थात," मी म्हटलं.

ती वळली. पिठाच्या डब्यामागचं पुस्तक हातात आल्यावर साहेबांनी जसं बघितलं होतं, तसंच तिने माझ्याकडे बघितलं. "मग आता पाणी घालून उकडून दाखव."

मी तिला आठवण करून दिली की साहेब अजून जिन्यातच असतील, आणि असले लोक वासावरून ओळखतात. तिने खिडकी लावली, पुस्तक उघडलं आणि कमरेच्या मणक्यांना लागली. अधूनमधून वर बघत होती, माझ्याकडे.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. आईच्या शिक्षणासाठी मुलाने एवढं तरी सोसायलाच हवं.