जमनाबाईंची जागा

आधी सुक्या बोंबलाचा वास यायचा, मागून हिरव्या काचेच्या बांगड्यांची किणकिण, आणि मग ज्येष्ठातलं प्रखर ऊन दारातून आपल्याबरोबर आत घेऊन आल्यासारख्या जमनाबाई. बोईसरच्या एका रुग्णालयात दर बुधवारी आम्हा कर्करुग्णांचा वर्ग भरत असे. या व्याधीशी घरी कसं वागावं, काय खावं, कशाला भ्यावं आणि कशाला मुळीच भिऊ नये, हे शैला सिस्टर तिथे शिकवीत. पालघरच्या शाळेत उभा जन्म फळ्यापुढे घालवलेला मी शेवटच्या बाकावर मुकाट बसे, कारण आतड्यातल्या दुखण्याची मला लाज वाटे. जमनाबाईंचं दुखणं स्तनाचं, पण त्या त्याविषयी ताज्या हलवा माशाविषयी बोलावं तितक्या मोकळेपणी बोलत.

त्या तारापूरकडच्या. नवरा आणि मुलगा होडीवर, आणि बोईसरच्या मासळीबाजारात पिंपळाखालची जागा त्यांची. सिस्टरांनी काहीही सांगितलं की त्या तळहात हवेत धरून क्षणभर ते जोखीत, जणू हातावर पापलेट आहे, आणि मग घासाघीस सुरू होई. केस जायचेच असतील तर निम्मे जावेत. उलट्या तीन म्हणता, त्या दोन करा. सिस्टर हसत, पण भाव काही उतरवत नसत. ज्या चेहऱ्यांवर आठवडाभर मळभ दाटलेलं असे, ते चेहरे या सौद्याने उजळत. मीही हसे, आणि घरी जाताना आपण हसलो याचंच मला नवल वाटे.

केमोनंतर घ्यायचं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन घरी नेताना सिस्टरांनी त्यांना 'थंड ठेवा' एवढंच सांगितलं होतं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी थंड ठेवत आले, त्या घराला थंड म्हणजे काय ते कोण शिकवणार? जमनाबाईंनी ते बर्फाच्या पेटीत, खडेमीठ मारलेल्या बर्फात, पापलेटांच्याही खाली, अगदी मानाने पुरलं. दुसऱ्या दिवशी गावच्या दवाखान्यात ते गोठून त्याचा दगड झालेला निघाला, आणि फेकून द्यावं लागलं. याच बर्फात सुरमई आठवडाभर राहते, मग हे एवढं नाजूक कसं, यावर त्या पुढच्या बुधवारी तावातावाने भांडल्या. घाबरून सिस्टरांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही इंजेक्शन कुठे ठेवाल? मासवणच्या एका आजोबांनी दोरीला बांधून विहिरीत सोडण्याचा बेत सांगितला, तेव्हा सिस्टरांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून वर्गाची रीत बदलली. आधी आम्ही सांगायचं, मग सिस्टरांनी.

पण इंजेक्शन चुकलं, पेशी घटल्या, पुढच्या साऱ्या तारखा सरकल्या आणि शेवटचा डोस नेमका श्रावणात, होड्या पाण्यात उतरायच्या सुमारास आला. इथे जमनाबाई अडून बसल्या. त्यांच्या बाजारात एक कडक रिवाज होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपार कलेपर्यंत जी जागा रिकामी दिसेल, ती वर्षभर दुसरीची. आणि डोसानंतर गर्दीत जायचं नाही, अशी सिस्टरांची ताकीद.

"औषध थांबेल, बाजार नाय थांबत," त्या म्हणाल्या, आणि वर्गातलं हसू विझलं. सिस्टर रागावल्या नाहीत. जागेवर बसून दिवसभर काय काय करता, एवढंच त्यांनी विचारलं, आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग सौदा सुरू झाला. डोस ठरल्या दिवशीच घ्यायचा. बाजाराच्या पहिल्या दिवशी फक्त दुपार कलेपर्यंत बसायचं, तोंडाला मास्क, काटा बोचू नये म्हणून कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि ताप शंभराच्या वर गेला की असाल तिथून उठून रुग्णालयात. जमनाबाईंनी एकशे दोन मागितले, मग एकशे एकवर आल्या. सिस्टर शंभरावरून हलल्या नाहीत.

पहिल्या बाजाराला मी कौतुकाने गेलो. श्रावणाचं ऊन पिंपळातून गळत होतं, आणि लाल हातमोज्यांतल्या जमनाबाई एका गिऱ्हाइकाशी ऐन रंगात आल्या होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या. अंग तापलंसं वाटून काखेत लावलेला थर्मामीटर त्यांनी काढून पाहिला, मला दाखवला. शंभराच्या वर. त्यांच्या घरची माणसं समुद्रात होती, आणि शेजारणींच्या नजरा जागेवर.

"मास्तर, बसा इथं. मी जाऊन येते."

मला यातलं काही कळत नाही, मी पुटपुटलो.

"कळायला कशाला पायजे? जागा रिकामी दिसाय नको."

ज्या जागेसाठी त्या औषध सोडायला निघाल्या होत्या, त्या जागेवरून त्या उठल्या, हातमोजे माझ्या मांडीवर टाकले आणि रिक्षात बसल्या. मी पाटावर बसलो. माशा हाकल्या. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने भाव विचारला, मी म्हटलं, काय द्यायचं ते द्या, आणि क्षणात सुरमई गेली. शेजारणी पदराआड हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं, जमनाबाईंसाठी की स्वतःसाठी, ते आजही सांगता येणार नाही. दुपार कलेपर्यंत मी तिथून हललो नाही.

चार दिवसांनी ताप उतरून जमनाबाई आपल्या जागेवर परतल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न सुरमईच्या भावाचा केला. उत्तर ऐकून म्हणाल्या, "परत ताप येल मला."

आता त्यांचे उपचार संपलेत, आणि बुधवारच्या वर्गात त्या दिसत नाहीत. माझं दुखणं मात्र यंदा फिरून आलंय. बाहेर श्रावण आहे, वर्गात नवे चेहरे, आणि मी आता पुढच्या बाकावर बसतो. काळ एक दिवस प्रत्येकाला त्याच्या जागेवरून उठवणार, त्याच्याशी घासाघीस चालायची नाही. मी उठेन त्या दिवशी माझ्या जागेवर कुणीतरी, यातलं काही कळत नसलं तरी, दुपार कलेपर्यंत बसून राहावं, एवढंच मागणं आहे.